खेळ विकत, खेळ भाड्याने, खेळ वर्गणीने

आज सभागृहात तीन तऱ्हेचे श्रोते दिसतात. पहिली पाळी संपवून, हातपाय धुऊन आलेले. रात्रपाळीला जायचं म्हणून दुपारी झोपून आलेले. आणि पुढच्या रांगेत बसलेली आमच्या वयाची मंडळी, ज्यांना पाळीच उरलेली नाही. घरी आम्ही सांगितलं की कागलच्या पंचतारांकितमध्ये व्याख्यान आहे, तर नातीने विचारलं, जेवण तिथेच आहे का? नवीन माणूस हेच समजतो. इथले तारे हॉटेलचे नाहीत. रस्ते, पाणी, वीज या सोयींचे आहेत, हे तिला समजावण्यात लक्ष्मी टेकडी येईपर्यंतचा वेळ गेला.

विषय बघून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमच्या धंद्यावर काय बोलायचं? त्याचं कारण सांगतो. काही महिन्यांपूर्वी आमचे एक जुने विद्यार्थी मुलाला घेऊन घरी आले. मुलगा इथल्याच एका मशीन शॉपमध्ये सीएनसीचे प्रोग्रॅम लिहितो. रात्री घरी बसून स्वतःचा गेम बनवतो. नोकरी सोडून पूर्णवेळ तेच करायचं त्याच्या मनात आहे. आणि वडिलांचा प्रश्न होता, सर, गावाकडचा प्लॉट गहाण ठेवावा का? आम्ही दोन मिनिटांत सांगून टाकलं, नोकरी सोडू नको, प्लॉटला हात लावू नका. चहा पिऊन दोघे गेले. रात्री झोप येईना. ज्या धंद्याची आपल्याला ओ की ठो माहिती नाही, त्याबद्दल आपण एका मुलाच्या आयुष्याचा निकाल दिला. आधी उत्तर द्यायचं आणि मग वाचायला बसायचं, ही प्राध्यापकांची जुनी खोड आहे. तर मग वाचलं. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनातलं आहे.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. फौंड्रीत पॅटर्न कोणाचा असतो? बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा. तो तुमच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून असतो, तुम्ही त्याला जपता, दुरुस्त करता, त्यावर हजारो कास्टिंग काढता. पण त्याच पॅटर्नवरचं एक कास्टिंग दुसऱ्याला विकता येत नाही. ताबा तुमचा, मालकी त्यांची. गिऱ्हाइकाने एक दिवस टेम्पो पाठवला की पॅटर्न गेला. हे लक्षात ठेवा, कारण गेमच्या धंद्याचा पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे पॅटर्न कोणाकडे राहणार याचं भांडण आहे.

ज्येष्ठांसाठी एवढंच सांगतो की कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. अमेरिकेत अटारी कंपनीने १९७७ साली एक यंत्र आणलं, ज्यात कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. हे गेम लिहिणारे तरुण पगारी नोकर होते. खेळाच्या खोक्यावर त्यांचं नाव नसे, विक्रीत वाटा नसे. १९७९ मध्ये त्यातले चौघे बाहेर पडले. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड. त्यांनी जिम लेव्ही या व्यवसायातल्या माणसाला सोबत घेऊन ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी बाहेरून गेम बनवून विकायला लागले. अटारी कोर्टात गेली. १९८२ ला तडजोड झाली, की गेम बनवा, पण आम्हाला रॉयल्टी द्या. यंत्र एकाचं आणि खेळ दुसऱ्याचा, ही विभागणी इथून पक्की झाली.

मग काय, जो उठला तो गेम काढायला लागला. दुकानं भिकार मालाने भरली. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार असा कोसळला की अटारीने न खपलेल्या कॅसेटी ट्रकने नेऊन न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. तीस वर्षं लोकांना ही दंतकथा वाटायची. २०१४ ला खणून बघितलं तर कॅसेटी खरोखर निघाल्या.

त्या राखेतून वर आली जपानची निंटेंडो. १८८९ साली क्योटोत पत्ते बनवणारी कंपनी म्हणून सुरू झालेली. तिने अटारीची चूक ओळखली. १९८५ मध्ये अमेरिकेत यंत्र नेताना त्यात एक कुलपाची चिप बसवली. निंटेंडोची जोडीदार चिप नसलेली कॅसेट यंत्रात चालणारच नाही. कॅसेटी निंटेंडोच बनवणार, गेम करणाऱ्याने त्यांचे पैसे आगाऊ भरायचे, आणि एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे. बाजार शिस्तीत आला, हे कबूल. पण आता गेम करणाऱ्याला आपल्या खेळाची एक प्रतसुद्धा परवानगीशिवाय काढता येईना. फौंड्रीच्या उलट झालं बघा. पॅटर्न बनवणाऱ्याचा, पण भट्टी दुसऱ्याची, आणि गावात भट्टी एकच.

पुढची पंचवीस वर्षं झरझर सांगतो. सोनीने १९९४ ला कॅसेटीच्या जागी सीडी आणली, प्रत काढायचा खर्च खाली आला. यंत्र स्वस्तात, प्रसंगी तोट्यात विकायचं आणि प्रत्येक गेममागे कमिशन घ्यायचं, ही रीत रुळली. यंत्र जुनं होईल तसं स्वस्त होत जायचं. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २०००मध्ये २९९ डॉलरला आला, २००९ ला तो ९९ डॉलरवर होता. मग इंटरनेट आलं, दुकान यंत्राच्या आत गेलं, आणि दुकानदाराचा वाटा साधारण शंभरातले तीस असा ठरून गेला.

आपल्याकडे हे सगळं कसं आलं? तेव्हा आयात कर एवढा होता की अस्सल माल फार थोड्यांनी पाहिला. सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेसने भारतात आणलं, किंमत १८,००० रुपये. आमच्या त्या वेळच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी. मग आपल्या पोरांनी काय केलं? नकली यंत्रं आणली, ज्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत दहा-बारा खेळ फिरून फिरून यायचे. आणि मुख्य म्हणजे भाडं. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रीत तीन सिनेमे बघणारे आपण लोक. टीव्ही गेमही तासावर खेळलो. पुढे प्लेस्टेशन आला तरी गल्लीतल्या पार्लरमध्ये तो तासाच्या हिशेबानेच होता. एक्सबॉक्स ३६० अधिकृतपणे भारतात आला २००६ च्या सप्टेंबरात, प्लेस्टेशन ३ आला २००७ ला, ३९,९९० रुपयांना. जीएसटी लागू झाला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या चैनीच्या रांगेत होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो १८ वर आणायचं ठरलं. एवढ्या उशिरा आणि एवढा महाग आल्यावर देशातला पोरगा मोबाइलवर खेळायला लागला, यात त्याचा काय दोष?

तेव्हा अमेरिकेतले लोक आज जेव्हा म्हणतात की वर्गणीचा काळ आला, खेळ विकत घ्यायचे दिवस संपले, तेव्हा आम्हाला त्यात तेवढी नवलाई दिसत नाही. विकत घ्यायचे दिवस आपल्याकडे धड आलेच नव्हते.

पण ‘वर्गणी’ या शब्दापाशी जरा थांबू या. मराठीत हा शब्द दोन कामं करतो. एक वाचनालयाची वर्गणी. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. महिन्याला ठरलेले पैसे भरा, पुस्तकं घरी न्या, परत करा. दुसरी गणपतीची वर्गणी. मांडव अजून पडलेला नाही, मूर्ती कुंभाराकडे आहे, आणि पोरं पावती पुस्तक घेऊन दारात. पहिल्या वर्गणीने आपण असलेली वस्तू वापरतो. दुसरीने नसलेली वस्तू अस्तित्वात येते. इंग्रजीत या दोहोंना आज वेगवेगळी नावं आहेत. आपल्याकडे एकच शब्द. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळ काढलं ते लिमिटेड कंपनी करून, भाग विकून, ग्राहक आधी नोंदवून. तेवीस खंडांचं काम असं उभं राहिलं. म्हणजे इंटरनेटवर पैसे गोळा करायची किकस्टार्टर नावाची अमेरिकन सोय २००९ मध्ये निघाली तेव्हा ती आपल्याला परकी वाटायचं कारण नव्हतं. २०१२ ला तिथे डबल फाइन या कंपनीने एका न बनलेल्या गेमसाठी तेहतीस लाख डॉलर जमवले. सत्त्याऐंशी हजार लोकांनी वर्गणी दिली. जगभरच्या छोट्या गेमवाल्यांना वाटलं, मोठ्या प्रकाशकाचं जू मानेवरून उतरलं.

आता कोल्हापूरकरांनो, थोडं मागे चला, कारण न बनलेल्या वस्तूला पैसे कोण देतं, हा प्रश्न या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता. १९१२-१३ मध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे कोल्हापुरात बाबूराव पेंटर सिनेमाच्या मागे लागले होते. कॅमेरा विकत आणायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी दामल्यांना हाताशी धरून तो इथेच तयार केला. हे वाक्य इथल्या टर्नर-फिटरसमोर बोलताना आम्हाला वेगळाच आनंद होतो. पण कॅमेऱ्याने सिनेमा होत नाही, भांडवल लागतं. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्यामागे मुख्य पैसा होता तानीबाई कागलकर यांचा. त्या गायिका होत्या. आडनाव लक्षात घ्या, आपण कुठे बसलोय तेही लक्षात घ्या. बँकेने ज्याला दारात उभं केलं नसतं अशा उद्योगाला एका गायिकेने पैसे दिले. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. तानीबाईंच्या नावाचा फलक कुठल्या चौकात आमच्या तरी पाहण्यात नाही. कलेच्या इतिहासात पैसा देणारा नेहमी तळटीपेत जातो, आणि पैसा देणारी बाई असेल तर तळटीपही गाळली जाते.

पुढची गंमत बघा. १९२९ ला त्या कंपनीतले चार कारागीर बाहेर पडले. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर. पैशासाठी त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना सोबत घेतलं आणि प्रभात काढली. चार कारागीर आणि एक पैशाचं गणित जाणणारा. अटारीतून चौघे बाहेर पडले ते बरोबर पन्नास वर्षांनी. आम्ही योगायोगाला तत्त्व म्हणत नाही, पण हातात कला असलेली माणसं मालकाला सोडतात ती कोणत्या कारणाने, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. हे दुःख कोल्हापूर अजून विसरलेलं नाही.

आणि पुण्यातच आपली पुढची गोष्ट घडते. नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी कंपनी. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी उभी केलेली. त्यांनी ‘राजी’ नावाचा गेम करायला घेतला. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, वाटेतले महाल राजस्थानी धाटणीचे, आणि मधल्या कथा बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेल्या. आम्ही नातीकडून खेळवून घेतला, स्वतःला तो जमला नाही. पण बघताना चित्रकथी आठवली, आणि वाटलं की ही भाषा परक्याला सुचणार नाही.

२०१७ च्या शेवटी त्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही. तिथला नियम असा की रक्कम पुरी झाली नाही तर एक पैसाही मिळत नाही. गणपतीच्या पोरांना निदान जमलेल्या पैशात लहान मूर्ती आणता येते. इथे तेही नाही. मग काय केलं? श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला, असं या मंडळींनी नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे. फाळक्यांची पॉलिसी, सरस्वतीबाईंचे दागिने, आणि एकशे पाच वर्षांनी फ्लॅट. पुढे एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, परदेशी प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० ला ‘राजी’ प्रसिद्ध झाला तो आधी निंटेंडोच्या स्विच या यंत्रावर. जे यंत्र निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती! पुण्यात बनलेला, दुर्गेची कथा सांगणारा खेळ, आणि पुण्यातल्या दुकानात सरळ वाटेने मिळणार नाही अशा यंत्रावर पहिल्यांदा. ऑक्टोबरात तो प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन होतं. २०२१ मध्ये तो एक्सबॉक्सच्या वर्गणीत, म्हणजे गेम पासमध्ये गेला.

आता प्रकाशकाचा हिशेब. हा भाग इथल्या मालकांना सगळ्यात जवळचा वाटेल. समजा प्रकाशकाने तुम्हाला एक कोटी आगाऊ दिले. गेमची किंमत हजार रुपये. कर बाजूला ठेवा. दुकानाने तीनशे कापले, उरले सातशे. हे सातशे तुमच्या खात्यात येत नाहीत; आधी प्रकाशकाचे एक कोटी फिटतात. म्हणजे चौदा हजार तीनशेच्या आसपास प्रती विकेपर्यंत तुम्हाला काही नाही. त्यानंतर वाटणी. तोपर्यंत पगार कशातून करायचे? दुसरं जॉबवर्क घेऊन. जे काम सोडायचं म्हणून बाहेर पडलो तेच.

वर्गणीवाल्या कंपनीचं निराळं. मायक्रोसॉफ्टने १ जून २०१७ ला गेम पास सुरू केला. महिन्याला ९.९९ डॉलर भरा, शंभरावर गेम खेळा. अशा कंपन्या गेम करणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे पैसे देत नाहीत. कधी एकरकमी, कधी लोक किती खेळले त्या मानाने, कधी सगळा निर्मितीखर्च. छोट्या गेमवाल्याला एकरकमी पैसा म्हणजे पाऊस. विकला जावो न जावो, पगार सुटले. बऱ्याच छोट्या कंपन्या या पैशावर तगल्या, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही वर्गणीच्या विरोधात भाषण द्यायला आलेलो नाही.

पण मग काय झालं ते बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सभासद ३ कोटी ४० लाख असल्याचं कंपनीने सांगितलं. दरम्यान २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन विकत घेतली, सुमारे ६,९०० कोटी डॉलरला. तीच ॲक्टिव्हिजन, चौघा पळून गेलेल्यांची. तीन महिन्यांत गेम विभागातल्या १,९०० माणसांना घरी पाठवलं. मे २०२४ मध्ये टँगो गेमवर्क्स नावाची जपानी निर्मितीसंस्था बंद करायचं जाहीर केलं, जिचा ‘हाय-फाय रश’ हा वर्गणीतलाच गेम लोकांनी डोक्यावर घेतला होता. पुढे कोरियाच्या क्राफ्टनने ती वाचवली. आणि वर्गणी? वरच्या दर्जाची वर्गणी २०१९ ला १४.९९ डॉलर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती २९.९९ झाली. एका फटक्यात पन्नास टक्के वाढ. यंत्रांचंही तसंच. जुनं होईल तसं स्वस्त, हा तीस-चाळीस वर्षांचा नियम मोडला. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि पावणेदोन वर्षांनी ५४,९९० झाला. एक्सबॉक्सचं मोठं यंत्र अमेरिकेत ४९९ चं ६४९ वर गेलं. जुनं झालेलं लोखंड महाग होताना आपण भंगारबाजारात बघतो, दुकानात पहिल्यांदा बघतोय.

आमच्या विषयातला माणूस इथे थांबून विचारणार की वर्गणी भरून खेळलेला खेळ आपला असतो का? नाही, हे पोरांनाही कळतं. मग पूर्ण पैसे मोजून घेतलेला असतो का? फ्रान्सच्या युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम लोकांनी विकत घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने आपले सर्व्हर बंद केले, आणि विकत घेतलेला खेळ सुरूच होईना. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियाने कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की डिजिटल वस्तू विकताना नुसतं ‘विकत घ्या’ म्हणता येणार नाही. तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागेल.

सोळाव्या शतकात बंगालमध्ये रघुनाथ शिरोमणी नावाचे नैयायिक होऊन गेले. त्यांनी वैशेषिकांची पदार्थांची जुनी यादी तपासली आणि सांगितलं की ‘स्वत्व’, म्हणजे मालकी, हा एक वेगळाच पदार्थ मानावा लागेल. कोणी म्हणालं, कशाला? मालकी म्हणजे वस्तू मनाप्रमाणे वापरता येणं, एवढंच. शिरोमणी विचारतात, वापरणं म्हणजे काय, खाणं? मग दुसऱ्याचं अन्नही खाता येतं की. कोणी म्हणेल, शास्त्राने ते मना केलंय. पण शास्त्र मना करतं ते ‘दुसऱ्याचं घेऊ नये’ म्हणून; म्हणजे दुसऱ्याचं आणि आपलं हा भेद शास्त्राच्याही आधी धरावा लागतो. वापरातून मालकी काढता येत नाही. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा हा वाद आम्ही वर्गात शिकवायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. आज त्यांच्या मोबाइलमध्ये शंभर गेम आहेत, वापर आहे, ताबा आहे, आणि स्वत्व नाही.

मात्र वाचनालयाशी तुलना केली तर वर्गणीचा खरा दोष कुठे आहे ते दिसतं. वाचन मंदिराची तुमची वर्गणी संपली तरी पुस्तक कपाटात राहतं; लेखकाची एक प्रत तरी विकली गेलेली असते; आणि दुसऱ्या दिवशी दुसरा वाचक ते नेतो. गेम पासमधून एखादा छोटा गेम काढला, करार संपला, तर तो त्या कपाटातून नाहीसा होतो. त्याची दुसरी छापील प्रतच अनेकदा नसते. पुण्याच्या अर्काइव्हमध्ये प्रभातच्या फिल्म आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. मूळ ‘सैरंध्री’ आज आपल्याला बघता येत नाही. तेव्हा फिल्म जळत होती. आता परवाना संपतो.

आता आपल्या राज्यातल्या पैशाकडे येऊ. हा भाग बोलताना आमचा आवाज चढतो, आधीच माफी मागतो. भारतात गेममध्ये पैसाच नव्हता असं नाही. भरपूर होता. पण तो रमीत, पत्त्यांत, क्रिकेटच्या पैजेत होता. मुंबईत बसून हजारो कोटींच्या कंपन्या उभ्या राहिल्या, क्रिकेटपटूंच्या जाहिराती झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि काही दिवसांत ती दुकानं मिटली. त्या सगळ्या वर्षांत एका मुलीच्या जत्रेतल्या गोष्टीसाठी फ्लॅट विकावा लागत होता.

दुसरा पैसा जॉबवर्कचा. परदेशी गेमसाठी झाडं, भिंती, गाड्या, चिलखतं बनवून द्यायची. युबिसॉफ्टची पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून निर्मितीकेंद्रं आहेत. २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका गाजलेल्या गेमचा नवा अवतार या दोघांकडे सोपवल्याचं जाहीर झालं. इथल्या पोरांना केवढा अभिमान वाटला असेल. पहिली झलक बघून जगभरातून टीका झाली, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं. टेम्पो आला, पॅटर्न गेला. यात इथल्या कारागिरांचा कस कमी होता की वेळ आणि अधिकार कमी दिला होता, हे बाहेरून ठरवणं अन्यायाचं होईल. पण ज्याच्या हाती पॅटर्न त्याच्या हाती निर्णय, एवढं तर दिसतंच.

अलीकडे काही दारं उघडली आहेत. सोनीने २०२३ मध्ये इंडिया हीरो प्रोजेक्ट जाहीर करून इथले छोटे गेम निवडले, पैसा आणि मार्गदर्शन दिलं. त्यात गोव्यात राहून ‘फिशबोल’ नावाचा हळवा गेम करणारी रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना यांची जोडी आहे. मानवी तस्करीवर ‘मुक्ती’ हा गेम करणारी मंडळी आहेत. क्राफ्टननेही नवोदितांसाठी कार्यक्रम काढला. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेम वगैरेंसाठी धोरण मंजूर केलं. चांगलं आहे. फक्त एक लक्षात घ्या, सोनी असो की क्राफ्टन, भट्टीवालाच पैसे देतोय. तानीबाईंसारखं ज्याची स्वतःची भट्टी नाही, असं कोणी आमच्या तरी पाहण्यात अजून आलेलं नाही. या एमआयडीसीत भिशा चालतात, त्यातून लोकांनी जुने लेथ घेतलेत, शेड बांधल्यात. वीस जणांच्या भिशीत एका छोट्या गेमचं वर्ष निघतं का, हा हिशेब आम्ही केला नाही. तुम्ही करा, तुमचा हात त्यात आमच्यापेक्षा बसलेला आहे.

आता त्या मुलाचं सांगतो, म्हणजे थांबता येईल. हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही त्याला परत बोलावलं. आधीचं उत्तर घाईचं होतं असं कबूल केलं. वडिलांना ते आवडलं नाही, कारण त्यांना तेच उत्तर हवं होतं. प्लॉटबद्दल आमचं मत बदललं नाही. गहाण टाकू नका, असंच म्हटलं. पण मुलाला दुसरं विचारलं, जो तुला पैसे देईल त्याच्या कागदावर गेमचं नाव, त्यातली माणसं, पुढचा भाग, हे कोणाच्या मालकीचं लिहिलंय? आणि दुकान बंद झालं तरी खेळ चालेल अशी एक प्रत तुझ्याकडे राहणार आहे का? त्याने हे प्रश्न वहीत लिहून घेतले. नोकरी अजून सोडलेली नाही. आज तो दुसऱ्या पाळीला आहे म्हणून इथे नाही.

त्याचा गेम गुऱ्हाळाचा आहे. काहिलीत रस उकळतोय, खाली चुलवाणात चिपाड टाकायचं, वरची मळी काढायची, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे ओळखायचं. त्यातला म्हातारा गुळव्या एक शब्द बोलत नाही, नुसता बघतो. मोबाइलवर त्याने आम्हाला खेळायला दिला. आम्ही चारदा गूळ जाळला. पाचव्या वेळी ढेप बसली, पण रंग काळपट आला, आणि गुळव्याने मान फिरवली.

तुमचे प्रश्न असतील तर विचारा. रात्रपाळीवाल्यांनी आधी विचारावेत, त्यांची बस आहे.